शाळेत माणसं ठेवायच्या आधी नळ मोजा

संपादक साहेब,
नमस्कार. पूर आला की पेपरात छापून येतं, अमुक शाळेत एवढ्या लोकांची सोय केली. सोय म्हणजे नेमकं काय केलं ते कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र. मी प्लंबर आहे, कुठंही गेलो की आधी नळ मोजायची खोड आहे मला.

2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा माझी मावशी मोहोळ तालुक्यातल्या एका शाळेत चार दिवस होती. जेवण भरपूर, चादरी भरपूर (सोलापुरात चादरीला काय तोटा!), बिस्किटाचे पुडे तर पोरं उशाला घेऊन झोपायची. पण माणसं दीडशेच्या वर आणि चालू संडास दोन, त्यातल्या एकाला आतून कडी नाही. मावशी दुपारनंतर पाणीच प्यायची नाही, रात्री उठायला नको म्हणून. शुगरची पेशंट बाई, तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडली.

निर्वासितांच्या छावण्यांसाठी जगभरातल्या मदत संस्था ‘स्फिअर’ नावाच्या पुस्तिकेतली मापं वापरतात. माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, 20 माणसांमागं एक संडास, सुरुवातीच्या गडबडीत 50 मागं एक, तो पण 50 मीटरच्या आत, कडीचा, आणि बायकांचे पुरुषांच्या तिप्पट. छपराखाली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. म्हणजे 20 बाय 25 फुटाच्या वर्गात 13 माणसं. मावशीच्या वर्गात 40 होती, पाय लांब करायचे तर पाळीनं.

250 माणसांमागं एक नळ, हे वाचून मला आधी हसूच आलं, एवढ्यात भागतं होय? मग हिशोब केला. तो नळ मिनिटाला साडेसात लिटरचा धरलाय, 250 माणसांचं पाणी 3750 लिटर, म्हणजे 500 मिनिटं, आठ तासांच्या वर नळ सलग चालू पाहिजे. आपल्याकडं उजनी काठोकाठ भरली तरी शहरात चार-चार दिवसांनी पाणी येतं, आणि पुरात लाइट गेली की बोअरची मोटार पण बंद. म्हणून नुसते नळ मोजून भागत नाही, टाकी किती लिटरची आणि ती टँकरनं भरता येते का तेही बघायला लागतं.

1994 साली आफ्रिकेतल्या रवांडातले लाखो लोक पळून शेजारच्या देशात (आताचं काँगो) गोमा शहराकडं गेले, तिथली जमीन लाव्ह्याची, खड्डे खणता येईनात, पाणी तळ्याचंच, कॉलऱ्यानं हजारो माणसं गेली. ही मापं ठरवायचं काम त्यानंतरच, 1997 ला सुरू झालं. आपली जमीन पण तसलीच की, वर काळी माती, खाली मुरूम नाहीतर पाषाण, आणि पावसात खणलेला खड्डा घटकेत पाण्यानं भरतो. आषाढीला पंढरपुरात फिरते संडास आणतो ना आपण, मग पुरातच का आठवत नाहीत?

पावसाळ्याआधी निवाऱ्याच्या शाळांची यादी निघते त्यात ‘क्षमता’ म्हणून एक आकडा असतो. त्याच्यापुढं नळ, चालू संडास, टाकीचे लिटर आणि वर्गांचं माप एवढे चार रकाने वाढवा. माझ्या भागातल्या दोन शाळा मी फुकट मोजून देतो, टेप माझी. फक्त संडासाच्या कुलपाची किल्ली कुणाकडं असते तेवढं आधी कळवा.

– एक वाचक, जुळे सोलापूर