चाचा, तुम्ही चपला काढल्यात

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या, धातू घासून चकाकी देणाऱ्या बफिंगवाल्या चाचांना,

चाचा, तुम्हाला मराठी बोललेलं सगळं कळतं, वाचता मात्र येत नाही. नातीकडून हे पत्र वाचून घ्या. चारचौघांच्या कानावर गेलं तरी हरकत नाही, जावंच म्हणून उघड लिहितेय.

तुम्ही घासून दिलेली बाबांची होडी काल घरी आली. आई सकाळपासून तिच्याजवळ पाट टाकून बसलीय. मधूनच पदरानं तिची कड पुसते. पुसण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी पुसते.

बाबांनी ती १९७४ साली मुंबईच्या दारूखान्यातून, म्हणजे जुनी जहाजं तोडायच्या बंदरातून आणली, मोडीत काढलेल्या जहाजाच्या सामानातून. बारा फुटी, रिबीट मारलेली. आमच्या चेंदणी कोळीवाड्यात बाकी सगळ्या होड्या लाकडाच्या, ही एकटी ॲल्युमिनियमची. बोय, कोळंबी, चिंबोऱ्या, जे काही खाडीनं दिलं ते हिच्यातून घरी आलं. आम्हा दोघी बहिणींची शिक्षणंही त्यातच झाली. बाबा गेले आणि ती सहा वर्षं अंगणात पालथी पडून राहिली. खाऱ्या हवेनं पत्र्यावर पांढरी भुकटी धरली, हात फिरवला की बारीक खळगे लागायचे.

तुमच्याकडे येण्याआधी मी तीन दारं पालथी घातली. पहिल्यानं कॉस्टिक सोडा ओतला. पत्रा फसफसला आणि काळाठिक्कर पडला. "जुना माल आहे, असंच होणार," म्हणाला आणि पैसे पूर्ण घेतले. दुसऱ्यानं लोखंडी तारेच्या ब्रशनं घासलं; आठ दिवसांत सगळीकडे गंजाचे तांबूस ठिपके. ब्रशचं लोखंड पत्र्यात रुतून राहिलं होतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. तिसऱ्यानं तर हातही लावला नाही. आईच्या समोर विचारलं, "किलोनं देता का?" मला त्याचा राग अजून आहे. नवऱ्याच्या होडीचा भाव आईला भंगाराच्या काट्यावर ऐकावा लागला.

आणि मग तुम्ही. टेम्पोतून होडी उतरवली, सरळ केली. तुमच्याकडचा पोरगा आत उडी मारायला निघाला तसा तुम्ही त्याचा दंड धरलात. "नाव में चप्पल पहनके कौन चढ़ता है?" मग आधी स्वतःच्या चपला काढून भिंतीशी ठेवल्यात आणि अनवाणी आत गेलात.

चाचा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं? तुम्ही मुरादाबादचे, पितळेच्या गावचे. समुद्र तुमच्या घराण्यात कोणी पाहिला नसेल. आमचे बाबा चाळीस वर्षं चपला बंदरावर काढून मगच होडीत पाय ठेवायचे. आईनं माझा हात घट्ट धरला. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "आता काळजी नाही." त्यानंतर ती कामाबद्दल एका शब्दानंही विचारायला आली नाही.

काम तर तुम्ही उत्तमच केलंत. दोन दिवस नुसतं गोडं पाणी मारत राहिलात. रिबिटांच्या फटीतलं मीठ निघाल्याशिवाय घासायचा कागद लावणार नाही म्हणालात. मागे कोणीतरी बसवलेले पितळी बोल्ट तुम्ही काढायला लावलेत, कारण खाऱ्या पाण्यात पितळ शेजारचं ॲल्युमिनियम खातं. पितळेवर हात बसलेल्या माणसानंच हे सांगावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. रिबिटांच्या डोक्यांवर मशीन फिरवलं नाहीत, सुती चिंधीनं हातानं घासलीत. खोल खळगे तसेच ठेवलेत: "ते काढायला गेलो तर पत्राच पातळ होईल." ते झाकून, वर चकाकी मारून जास्तीचे पैसे मागता आले असते. आम्हाला काय कळणार होतं?

कारागिरी पैसे देऊन मिळते, चाचा. पण दुसऱ्याच्या वस्तूत त्याचं माणूस बसलेलं असतं, हे ओळखून पाय जपून टाकणं कुठे विकत मिळतं? हल्ली सोसायटीत, कचेऱ्यांत, दुकानांत जो तो बूट घालून आपल्या आयुष्यात शिरतो. तुमच्यासारखं कोणी भेटलं की दिवसभर छाती भरून येते. तुमच्या त्या पोराला मी शेवटच्या दिवशी पाहिलं. होडी टेम्पोत चढवताना त्यानं न सांगता चपला काढल्या होत्या.

नारळी पौर्णिमेला होडी पुन्हा पाण्यात उतरवतोय. पहिला नारळ तुमच्या हातून खाडीला द्यायचा, असं आईनं ठरवलंय आणि आमच्या घरात तिचं ठरलं म्हणजे ठरलं. भरतीची वेळ कळवते. नातीला घेऊन या, पुढच्या फळीवर तिची जागा ठेवलीय.

तुमची,
चेंदणीची मुलगी