तापमान वाढले, तेव्हा वेळ निघून गेलेली असते

महोदय,

स्त्रीच्या शरीराचे सकाळचे तापमान वाढले की त्या दिवसापासून गर्भधारणेसाठी प्रयत्न करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो उफराटा आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर बीजकोशात उरलेल्या पीतपिंडातून (बीज निघून गेल्यावर राहिलेल्या ग्रंथीतून) प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवू लागते आणि त्याने तापमान चढते. ही चढण दिसेपर्यंत दिवस-दोन दिवस उलटतात. स्त्रीबीज मात्र जेमतेम 12 ते 24 तास टिकते. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून खरा काळ बीजविमोचनाचा, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस.

मग मोजायचे कशाला? दोन-तीन मासिक पाळीच्या चक्रांच्या नोंदींतून बीजविमोचन होत असावे का आणि साधारण कितव्या दिवशी, हे कळते म्हणून.

फरक अवघा 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअसचा. त्यामुळे दोन दशांश स्थळे दाखवणारा थर्मामीटर हवा. कपाळासमोर धरायचे यंत्र इथे कुचकामी. किमान तीन तास सलग झोप झाल्यावर, रोज एकाच वेळी, अंथरुण सोडण्यापूर्वी, पाण्याचा घोटही न घेता तो जिभेखाली मागच्या बाजूला ठेवून तोंड मिटावे. ताप, जागरण, रात्रपाळी, मद्य यांनी आकडा बिघडतो. असा आकडा खोडू नये. शेजारी कारण लिहून हिशेबातून वगळावा. चक्राच्या मध्येच थर्मामीटर बदलला तर आधीच्या आकड्यांशी तुलना उरत नाही.

एका दिवसाच्या उडीला अर्थ नसतो. ओळीने तीन आकडे आधीच्या सहाही आकड्यांपेक्षा वर हवेत आणि तिसरा त्या सहांतल्या सर्वांत मोठ्या आकड्याहून निदान 0.2 अंशाने जास्त. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हा खटाटोप व्यर्थ आहे.

आगाऊ सूचना हवी तर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा, ताणला जाणारा योनिस्राव पाहावा किंवा लघवीची एलएच (बीजविमोचनाआधी वाढणारे संप्रेरक) चाचणी करावी. ती साधारण दिवस-दीड दिवस आधी इशारा देते. पीसीओएस (बीजकोशांशी संबंधित संप्रेरकांचा विकार) असल्यास मात्र ती फसवू शकते.

आलेख सपाट आला म्हणून वंध्यत्वाचा शिक्का मारू नये. शंका असल्यास रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासावे, तेही पुढची पाळी अपेक्षित असते त्याच्या सुमारे सात दिवस आधी. सरसकट ‘एकविसावा दिवस’ लिहून देणे 28 दिवसांच्या चक्रापुरतेच बरोबर. 35 दिवसांचे चक्र असेल तर तो अठ्ठाविसावा.

– एक वाचक