लॉक फाइल गिटमध्ये, किल्ल्या गिटबाहेर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी मजकूर येतो, म्हणून हे लिहितो आहे. मी बरीच वर्षं रूबी ऑन रेल्सवर (रूबी भाषेत वेब ॲप बनवण्याच्या चौकटीवर) काम करतो. नव्या मुलांचा कोड तपासताना एक उलटापालट हमखास दिसते: जेमफाइल.लॉक (बसवलेल्या जेमांच्या, म्हणजे रूबीच्या तयार पॅकेजांच्या, नेमक्या आवृत्त्यांची नोंद) गिटमधून, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातून, वगळलेली आणि .ईएनव्ही (ॲपच्या सेटिंग्ज आणि गुप्त किल्ल्यांची फाइल) मात्र पासवर्डांसकट कमिट केलेली!

"जेमफाइल आहे ना, मग लॉक कशाला?" हा ठरलेला प्रश्न. अहो, जेमफाइलमध्ये आपण कोणत्या जेम हव्यात त्याची फक्त मागणी नोंदवतो. '~> २.३' लिहिलं की २.३ पासून ३.० च्या अलीकडचं काहीही चालतं. प्रत्यक्षात कोणतं बसलं, त्याच्यामागून आणखी काय काय आलं, ते बंडलर (जेम बसवणारं साधन) लॉकमध्ये लिहून ठेवतो. ती फाइल नसेल तर माझ्याकडे धावणारं ॲप सर्व्हरवर आपटू शकतं. (अर्थात लॉक म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. मार्च २०२१ मध्ये परवान्याच्या घोळामुळे 'माइममॅजिक' या जेमच्या जुन्या आवृत्त्या काढून घेतल्या गेल्या आणि रेल्सचे कितीतरी प्रकल्प लॉक असूनही इन्स्टॉल होईनात. आम्ही ती जेम मागवलीच नव्हती. रेल्सच्याच ॲक्टिव्ह स्टोरेजमागून मार्सेल ही जेम आणि मार्सेलमागून ती आली होती.)

.ईएनव्हीची चूक मात्र जास्त महागात पडते. "सर, पुढच्या कमिटमध्ये डिलीट केली," असं मुलं सांगतात. गिटच्या इतिहासात ती असतेच. किल्ली, म्हणजे तो पासवर्डच, बदलायची, दुसरा इलाज नाही. गिटमध्ये ठेवायचीच तर नुसती नावं असलेली, किमती रिकाम्या सोडलेली नमुना फाइल ठेवा.

माझीही फजिती सांगतो. चाचणीच्या सर्व्हरवर मेल जाऊ नयेत म्हणून मी .ईएनव्हीतल्या एका व्हेरिएबलला 'फॉल्स' दिलं आणि निश्चिंत झालो. पण तिथून येणारी प्रत्येक किंमत स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असते आणि रूबीत निल ('काहीच नाही') आणि खरा फॉल्स सोडून सगळंच खरं! 'चाचणी क्र. ३' हा मेल खऱ्या ग्राहकांच्या इनबॉक्समध्ये जाऊन बसला. साहेबांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला.

तेव्हापासून 'फॉल्स' हा शब्द मी स्वतः तपासतो, आणि अत्यावश्यक व्हेरिएबल चौकटी कंसाऐवजी 'फेच'नं घेतो. चौकटी कंस गुपचूप निल देतो आणि ॲप मध्यरात्री कुठंतरी कोसळतं. फेच कॉन्फिगरेशनमध्येच लिहिला तर ॲप सुरू होतानाच कीएरर देतो, व्हेरिएबलच्या नावासकट.

पुढच्या एखाद्या लेखात .गिटइग्नोअरचा (गिटनं वगळायच्या फाइलींच्या यादीचा) नमुना छापलात तर त्यात .ईएनव्हीची ओळ जरूर असावी, जेमफाइल.लॉकची नको.

आपला,
एक रूबीवाला वाचक