हयातीचा दाखला किती वेळा द्यायचा?

प्रति,
मा. संचालक,
अमेरिकी नागरिकत्व व स्थलांतर सेवा,
कॅम्प स्प्रिंग्ज, मेरीलँड

विषय: सशर्त ग्रीन कार्डाच्या मुदतवाढीचं पत्र आणि आमच्या नोकऱ्या

महोदय,

माझे वडील सांगलीला सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन ते हयातीचा दाखला देत. समोर उभ्या असलेल्या माणसाने ‘मी जिवंत आहे’ असं लिहून द्यायचं, याचं आम्हा मुलांना भारी हसू यायचं. गेल्या उन्हाळ्यात इथे एडिसनला, एचआरच्या टेबलासमोर उभी असताना मला ते हसू आठवलं.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं, तर ते सशर्त असतं आणि दोनच वर्षं चालतं. खोट्या लग्नांना आळा बसावा म्हणून १९८६ च्या कायद्याने ही अट आणली. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून ही अट काढून घेण्यासाठीचा आय-७५१ अर्ज भरायचा असतो, तो आम्ही भरला. ७५० डॉलर, भाड्याचा करार, जॉइंट खात्याची स्टेटमेंट्स, दिवाळीचे फोटो, सगळं जोडलं. तुमची पावती आली. कार्डाची मुदत ४८ महिने वाढवली आहे, कामाची आणि प्रवासाची परवानगी आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

एचआरच्या बाईंनी तो कागद उलटापालटा करून पाहिला. त्यावर फोटो नाही, आणि सोबतच्या कार्डावरची तारीख उलटून आठवडा झालेला. “ही तर नुसती पावती. नवं कार्ड कुठाय?” नऊ दिवस मला बिनपगारी घरी बसवलं. बाई दुष्ट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. खरं तर मला बोलावणंच चूक होतं. नोकरीला लागताना ग्रीन कार्ड दाखवलं असेल, तर ते सशर्त असलं तरी पुन्हा तपासू नये, असं तुमच्याच मार्गदर्शिकेत मालकांना बजावलेलं आहे. ते पान शोधून, छापून मीच त्यांच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा कुठे दहाव्या दिवशी कामावर घेतलं. बुडालेला पगार बुडालाच.

ही मुदतवाढ पूर्वी एका वर्षाची असे. २०१८ मध्ये ती १८ महिने झाली, २०२१ मध्ये २४ आणि २०२३ मध्ये ४८. तुमच्याकडे फायली किती साचल्या, ते या आकड्यांवरूनच कळतं. कार्ड दोन वर्षांचं आणि मुदतवाढ चार वर्षांची! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

माझ्या घरी दुसरा पगार होता, म्हणून निभावलं. पण घटस्फोट झालेल्या किंवा नवऱ्याच्या छळातून बाहेर पडलेल्या बाईचं काय? तिला एकटीने आय-७५१ भरता येतो, हा कायद्याचा चांगुलपणा. मात्र ती मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपत असते आणि टपाल कधी कधी जुन्याच पत्त्यावर जातं. पावती हाती नसेल तर तुम्हाला फोन करकरून पासपोर्टवर रहिवासाच्या पुराव्याचा तात्पुरता शिक्का मिळवायचा. तोवर मालकाने घरी बसवलं, तर भाडं कुठून भरायचं? नवऱ्याकडे परत जाण्याची वेळ अशाच एखाद्या महिन्यात येते.

मागणी मोठी नाही. आमचे फोटो आणि बोटांचे ठसे तुमच्याकडे आहेत. मग अर्ज दाखल होताच वाढीव तारखेचं, फोटोचं कार्ड छापून द्या. त्याचा खर्च त्या ७५० डॉलरमधून भागवा. तेही जमत नसेल, तर निदान पावतीच्या पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरांत, थेट मालकाला उद्देशून लिहा: ही व्यक्ती काम करू शकते, नवं कार्ड मागू नका. आज कामाच्या परवानगीचं वाक्य मजकुरात कुठेतरी असतं आणि तिथवर कुणी वाचत नाही. भारतातलं सरकारी काम म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको, पण वडील आता हयातीचा दाखला घरबसल्या फोनवर चेहरा दाखवून देतात.

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहिलं आहे. उद्या ज्यांना घरी बसवलं जाईल, त्या माझ्या ओळखीच्या मुली ते आधी वाचतील आणि मार्गदर्शिकेचं ते पान छापून पर्समध्ये ठेवतील. इंग्रजी प्रत तुमच्या पत्त्यावर वेगळी पाठवली आहे. तिची पावती माझ्याकडे आहे.

आपली,
एडिसन, न्यू जर्सी इथली एक सशर्त रहिवासी