टोळ्या निघण्याआधी: रुग्णांच्या घरच्या देखभालीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मग आजीच्या पायाची पट्टी कोण बदलणार, आजोबांना इन्सुलिन कोण देणार, हे कोडं येऊन पडतं ते सरकारी दवाखान्यातल्या ओपीडीच्या सिस्टरांपुढे.

रांग दारापर्यंत, एका रुग्णाला मोजकी मिनिटं. तेवढ्यात ड्रेसिंग समजावून सांगायचं, तेही मोटारसायकलवर घेऊन आलेल्या पुतण्याला. घरी पट्टी बदलणार असते सहावीतली नात. 'साबणानं हात धुवून घ्या' म्हणताना वस्तीवर टँकर कधी आला होता हे सिस्टरांनाही ठाऊक असतं. पुढच्या खेपेला जखम हळद भरून येते. रागवायचं तरी कुणाला?

इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर. फ्रिज नसलेल्या घरासाठी सिस्टर माठाची युक्ती सांगतात: मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, त्यात कोरड्या डबीत वापरातली बाटली. दाखवायला मडकी नाहीत, म्हणून केसपेपरच्या मागे चित्र काढून देतात. संध्याकाळी शंका विचारणारे फोन येतात ते त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवर.

आमच्या गणेश मंडळानं यंदा मिरवणुकीचा डीजे रद्द करून, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून, पंपावर चालणाऱ्या हवेच्या दोन गाद्या घेतल्या. गरजेपुरत्या फुकट न्यायच्या, काम झालं की परत आणायच्या. (लाईट गेली की पंप बंद. शिवाय गादी असली तरी रुग्णाची कूस बदलणं सुटत नाही, हे नेणाऱ्याला आम्ही बजावून सांगतो.) पण दोन गाद्यांनी काय होतं?

वॉकर, कमोड खुर्ची, युरिन बॅग, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी हवी आहे. ग्लुकोमीटर (रक्तातली साखर तपासायचं यंत्र) देणार असाल तर त्याच कंपनीच्या स्ट्रिपही द्या. मीटर घरात आणि स्ट्रिप संपलेल्या, असंच जास्त दिसतं. ओपीडीसाठी एक चालू मोबाईल आणि वर्षाचा रिचार्ज कुणी दिला तर फार बरं. घरातल्या उरल्यासुरल्या गोळ्या मात्र कृपया आणू नका.

आठवड्यातून एकदा एखाद्या वस्तीवर चक्कर मारून रुग्णाची अडचण सिस्टरांना कळवणारी माणसंही हवीत. इंजेक्शन किंवा ड्रेसिंग त्यांनी करायचं नाही.

वस्तू मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत द्याव्यात. रक्कम मंडळाच्या खात्यावरच भरावी, पावती मिळेल. हे सगळं दसऱ्यापर्यंत जमलं, तर टोळ्या निघण्याआधी मागे राहणाऱ्या माणसांनाच ओपीडीत बसवून शिकवता येईल.

आपले,
अध्यक्ष व सर्व कार्यकर्ते