बोलावलं कुणी, तेही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला तो लेख काल वाचला (खानापुरात तुमची पुरवणी सोमवारी पोहोचते, असो). समाजवादी देशांनी परमुलखात फौजा घातल्या तरी तो साम्राज्यवाद नव्हे, कारण लेनिनच्या व्याख्येला वित्तभांडवल आणि भांडवलाची निर्यात लागते, असं लेखकमहाशयांचं म्हणणं. कलमात बसत नाही म्हणून गुन्हाच नाही, हे वकिलाला शोभतं. मग चेकोस्लोव्हाकियातल्या याखिमोव्हच्या खाणींतलं युरेनियम मॉस्कोला काय नुसतं बघायला जात होतं?

पण डोकं फिरलं ते एका वाक्यानं. सैन्य म्हणे तिथल्या सरकारच्या निमंत्रणावरूनच गेलं होतं! हे मी १९८० च्या जानेवारीत शहापुरात ऐकलंय. खाली मागांचा खडखडाट, वर माडीवर एका डाव्या संघटनेचा अभ्यासवर्ग, वक्ते मुंबईचे. मी कॉलेजात होतो आणि रविवारी बेळगावच्या बसस्टँडवर त्यांचं साप्ताहिक विकायचो. अफगाण सरकारनं बोलावलं म्हणून सोव्हिएत फौजा गेल्या, असं वक्त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "सरकार म्हणजे हाफिजुल्ला अमीनच ना? मग फौजा आल्याबरोबर यजमानाचाच मुडदा कसा पडला?" उत्तर आलं, त्याला क्रांतिकारी न्यायालयानं शिक्षा दिली. अमीनला २७ डिसेंबरला ताजबेग महालात सोव्हिएत कमांडोंनीच संपवलं, हे आता जगाला ठाऊक आहे. तसं ते तडकाफडकी न्यायालय आम्हालाही चाललं असतं; सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे.

त्या दिवशी तोंडावर कुणी काही बोललं नाही. चहाची किटली तेवढी माझ्यापाशी न थांबता पुढं गेली. पुढच्या रविवारी अंकांचा गठ्ठा दुसऱ्याच्या सायकलला बांधलेला. मला म्हणाले, तुम्ही आता परीक्षेकडं लक्ष द्या.

हंगेरीत तर निमंत्रणाची पंचाईतच होती. पंतप्रधान इम्रे नॉज यांनी वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी करारातून, बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं ते १ नोव्हेंबर १९५६ ला. होय, त्याच दिवशी. आपल्याला न विचारता म्हैसूर राज्यात घातलं तोच काळा दिवस. इथं रणगाडे आले नाहीत, तेव्हा तुलना तिथंच थांबवतो. बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे ४ तारखेला पहाटे घुसले आणि १९५८ साली नॉज फासावर गेले. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली तिथं निवडणुका घ्या, असा ठराव आला तर आपल्या कृष्ण मेनन यांनी विरोधात मत दिलं. इजिप्तमधल्या सुएझवरच्या चढाईवरून ब्रिटन-फ्रान्सला मात्र त्याच दिवसांत आपण झोडपत होतो, आणि ते बरोबरच होतं.

सगळ्यांना एका माळेत ओवत नाही. क्यूबाला अंगोलात १९७५ साली तिथले नेते आगोस्तिन्यो नेटो यांनी बोलावलं, समोर दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या राजवटीचं सैन्य होतं आणि करार झाल्यावर १९९१ पर्यंत क्यूबाची माणसं घरी परतली. व्हिएतनामनं कंबोडियाचा हुकूमशहा पोल पॉट याला हाकललं हे उत्तमच, पण मग दहाएक वर्षं कंबोडियात ठाण मांडलं. चीन मॉस्कोला 'सामाजिक साम्राज्यवादी' म्हणायचा आणि १९७९ च्या फेब्रुवारीत स्वतःच व्हिएतनाममध्ये शिरला. आता यात लेनिनची व्याख्या कुणाला लावायची, ते लेखकांनी पुढच्या लेखात सांगावं. मी एवढंच बघतो, की जा म्हटल्यावर फौज जाते का, आणि जा म्हणणाऱ्याचं पुढं काय होतं.

जाता जाता, लेखातलं 'बुडापेस्ट, १९५६' हे छायाचित्र चेकोस्लोव्हाकियातल्या प्रागचं आहे, १९६८ चं. रणगाड्यामागं संत वेन्सेस्लासचा घोड्यावरचा पुतळा चांगला दिसतोय. तुमच्याकडं फोटोखालच्या ओळी कोण तपासतं?

आणि एक विनंती. बसच्या पाट्यांबद्दलचं माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापलंत आणि गल्लीतल्या कन्नड शेजाऱ्यांनी दोन आठवडे तोंड फिरवलं. या खेपेला निदान क्यूबाचं वाक्य तरी राहू द्या, नाहीतर आमचे उरलेसुरले कॉम्रेड मला अमेरिकेचा माणूस ठरवतील.

आपला,
एक जुना वर्गणीदार, खानापूर