बॅटरीच्या पेटीतले भाडेकरू

मा. संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी विचारले होते : राजस्थानच्या वाळवंटात खांबाशिवाय वीज चालते, मग गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या डोंगरावरच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, का चालू नये? चालेल की. माझ्या काजूच्या भाटात सहा वर्षे चालते आहे. पण सैन्यात असताना जैसलमेरकडे माझी पाच वर्षे बॅटऱ्या सांभाळण्यात गेली, म्हणून त्या पत्रात राहून गेलेले थोडे लिहितो.

आमच्या चौकीवर सौर पॅनेल, लेड-ॲसिड बॅटऱ्या आणि अडीनडीला जनरेटर. बॅटऱ्यांची खोली जमिनीत पुरुषभर खणलेली, छपरातून वायू जायला पाइप वर काढलेला. हा सगळा खटाटोप उष्म्यापायी. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना बॅटरीचे आयुष्य निम्मे होते, हा आमच्यातला ढोबळ हिशेब. निवृत्तीनंतर १९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्याच फलोदीला ५१ अंशांची नोंद झाल्याचे वाचले, तेव्हा खरे सांगतो, मला आधी तिथल्या बॅटऱ्या आठवल्या, माणसे नंतर.

आता खड्डा म्हटला की सावली आली, गारवा आला. वाळवंटात त्याला गिऱ्हाईक काही आम्हीच नव्हतो. आधी आले तिकडचे उंदीर, दिवसाढवळ्या हिंडणारे, झुडपांच्या मुळाशी बिळांचा वाडाच वसवणारे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे काहीतरी कुरतडणे त्याला भागच असते, आणि आमच्या तारा आयत्याच होत्या. उंदरांच्या मागोमाग फुरसे आले. कोकणातल्या सड्यांवर असते तेच, पण तिकडचे अंगाने मोठे. अंगावरचे खवले घासून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज करते. एका पहाटे बॅटऱ्यांत पाणी घालायला उतरत होतो, तो आवाज आला आणि मी तिसऱ्या पायरीवरच थिजलो. आमच्या सुभेदारसाहेबांनी वरून विचारले, “काय झाले?” मला उत्तरच देता येईना.

मग शिकलो. तारा लोखंडी पाइपातून न्यायच्या. भिंतीच्या भोकांत भांडी घासायचा तारेचा काथ्या कोंबायचा आणि वरून सिमेंट थापायचे. बाजरी, बिस्किटांची खोकी, काहीही खाण्याचे त्या खोलीत ठेवायचे नाही. दारावरचा पांढरा दिवा काढून पिवळा लावला, कारण पांढऱ्यावर किडे जास्त, किड्यांवर पाली आणि पालींमागे साप. विष मात्र ठेवले नाही. एकदा ठेवले होते, तेव्हा उंदीर पाइपात जाऊन मेला आणि आठ दिवस आम्ही नाकाला रुमाल बांधून वावरलो. शिवाय विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरू शकते, आणि उंदीर मारायला घुबडाइतका फुकटचा नोकर दुसरा नाही.

गावी आल्यावर मीही पत्रलेखकासारखाच विचार केला. मांगराशेजारी तसाच खड्डा खणला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो काठोकाठ भरला. घरचे अजून त्याला ‘फौजीची विहीर’ म्हणतात.

आपल्याकडे गणित उलटे आहे. वाळवंटात जीव गारव्याला येतात, गोव्यात पावसाळाभर ते उबेला आणि कोरड्या जागेला येतात, आणि मांगरात इन्व्हर्टरच्या पेटीइतकी उबदार, कोरडी जागा दुसरी नसते. जुलैत मुंग्यांनी अंड्यांसकट त्यात बिऱ्हाड केले. ऑगस्टमध्ये एक पाल आतल्या सर्किटवर आडवी झाली आणि इन्व्हर्टर जळाला. दुरुस्तीचे पैसे मोजले, पालीचा सांगाडा फुकट मिळाला. पुढच्या वर्षी वाळवीने फणसाच्या फळीचे घोडे आतून पोखरले. पन्नास-साठ किलोची बॅटरी एका अंगाला कलली, तेव्हा कुठे लक्षात आले.

आता चिऱ्यांचा ओटा आहे, भिंतीपासून वीतभर सुटा, म्हणजे वाळवी मातीची नळी करून चढू लागली की दिसते. त्यावर लोखंडी घोडा, त्याचे पाय जुन्या इंजिन ऑइलच्या डब्यांत, मुंग्यांसाठी. हवेच्या भोकांना स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी, कारण साध्या लोखंडी जाळीचा आपल्या हवेत दोन पावसांत गंज होतो. लिथियम घ्या म्हणजे कटकट मिटली, असे दुकानदार सांगतात. पाण्याची आणि वायूची मिटते हे खरे, पण पालीला लिथियम कळत नाही.

हे पत्र लिहायचे खरे कारण माझा चुलत भाऊ. त्याने बसवणाऱ्याच्या सांगण्यावरून लेड-ॲसिड बॅटऱ्यांची पेटी उंदीर शिरू नयेत म्हणून चहूबाजूंनी फळ्या ठोकून बंद केली. चार्ज होताना या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. जाळी असती तर उंदीरही अडला असता आणि वायूही निघून गेला असता. वर ती पेटी त्याने ठेवली कुठे, तर हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, भट्टीला लागून! मी सांगायला गेलो तर म्हणतो, “दादा, तुझ्या वाळवंटात भट्टी होती काय?” नव्हती, म्हणूनच आम्ही सगळे धडधाकट परत आलो, एवढे बोलून मी उठलो.

पेटी हलवायला तो आता कबूल झाला आहे. पण बोंडे पडून भट्टी पेटायच्या आधी की नंतर, ते काही सांगत नाही. माझा फोन उचलत नाही, आपला पेपर मात्र रोज सकाळी चहाबरोबर पहिल्या पानापासून वाचतो.

आपला,
एक माजी सैनिक
सत्तरी, गोवा